गळा कोणाचा आणि मान कोणाचा?

चैत्री पौर्णिमेला हिंजवडीस म्हातोबाचे बगाड निघते. गाड्यावर उंच खांब उभारतात, खांबावर आडवे लाकूड बांधतात, त्या लाकडाला गळकरी टांगला जातो आणि माणसांच्या लोंढ्यातून गाडा वाकडच्या वाटेला लागतो. यंदा गळकऱ्याचा मान कोणाला, हा प्रश्न गावाच्या दृष्टीने लहान नसतो. त्यात भावकी येते, परंपरा येते, नवस येतो आणि क्वचित रुसवाफुगवाही येतो. एक गोष्ट मात्र पक्की असते. पाठीत गळ ज्याच्या, मानही त्याचाच. गळ एकाने टोचून घ्यावा आणि भंडारा दुसऱ्याच्या कपाळी लागावा, असे तेथे घडत नाही.

मुळशी तालुक्यातील याच गावाच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसले. ज्वारीच्या रानांवर काचेच्या इमारती उठल्या आणि नागपूर, मिरज, लातूर, बेळगाव अशा चारी दिशांची तरुण मंडळी तेथे पोटापाण्यासाठी आली. २०१५ सालच्या दिवाळीच्या आधीचे ते दिवस. आम्ही कामानिमित्त तिकडे जात असू. एका संध्याकाळी शिवाजी चौकालगतच्या चहाच्या टपरीवर कंपनीच्या गाडीची वाट पाहत थांबलेल्या चौघा-पाचजणांत कडाक्याचा वाद जुंपलेला आम्ही ऐकला. वाद पगाराचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा चित्रपट पाडव्याला यावयाचा होता आणि त्यात खाँसाहेब कोणी व्हावयास हवे होते, यावर ती मंडळी हातातला चहा निवेपर्यंत भांडत होती.

नागपूरकडचा एक तरुण म्हणत होता, वसंतरावांची भूमिका करावयाची तर ती त्यांच्या नातवानेच. तो गातो, आणि त्याने ती रंगभूमीवर केलीही आहे. मिरजेची मुलगी म्हणे, गाणे त्याचेच आहे की, मग तोंड दुसऱ्याचे असले तर बिघडले कोठे? तिसऱ्याचे म्हणणे असे की, ज्यांना आपण लहानपणापासून हसविताना पाहिले त्यांना खाँसाहेबांच्या अंगरख्यात पाहून आपण गंभीर कसे राहणार? टपरीच्या कडेला बाकावर गावचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “म्हंजे गानार एक आन् दिसनार दुसरा. मग मान कुनाला द्यायचा?”

मंडळी हसली, गाडी आली, वाद तेथेच राहिला. आमच्या मनातून मात्र त्या गृहस्थांचा प्रश्न गेला नाही. आज इतिहासाच्या निमित्ताने आम्ही बोलावयास उभे आहोत ते त्याच प्रश्नाचा माग काढण्यासाठी. चित्रपटातील पात्रयोजनेवर रसिकांनी भांडावे, ही वरवर करमणुकीची गोष्ट दिसते. आमच्या मते ती वारशाची गोष्ट आहे.

प्रथम ‘कट्यार’ची हकीकत सांगितली पाहिजे. पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे नाटककार. त्यांनी हे संगीत नाटक लिहिले आणि दिग्दर्शितही केले. संगीत दिले गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने १९६७ च्या डिसेंबरात ते रंगभूमीवर आणले. विश्रामपूर संस्थानात दोन गायक, दोन घराणी. दरबारी गायकाचे पद मिळेल त्याला हवेली मिळावयाची आणि एक कट्यार मिळावयाची. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकरांकडून ते पद खाँसाहेब आफताब हुसेन यांच्याकडे जाते, पण सरळ वाटेने जात नाही. पंडितजींकडे शिकावयास आलेला सदाशिव गुरूविना राहतो, आणि ज्याचा सूड घ्यावयाचा त्या खाँसाहेबांच्याच हवेलीत राहून चोरून त्यांचे गाणे ऐकत ऐकत शिकतो. गाणे कोणाचे, ते कोणाला द्यावयाचे आणि ज्याला दिले नाही त्याने ते घेतले तर तो चोर की शिष्य, हा या नाटकाचा गाभा आहे.

खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली. पंडितजी झाले भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज, आणि कविराज बांकेबिहारी स्वतः पणशीकर. पुढे वसंतराव आणि खाँसाहेब हे दोन शब्द महाराष्ट्राच्या मनात इतके एकजीव झाले की, या भूमिकेसाठी दुसरा कोणी असू शकेल ही कल्पनाच अपवित्र वाटू लागली. पण १९६७ साली ही गोष्ट इतकी उघड होती काय? वसंतराव मूर्तिजापूरचे, जन्म १९२० चा. त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे पुण्यास लष्करी हिशेबखात्यातील कारकुनीत गेली. त्यांनी नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण घेतले, लाहोरास असद अली खाँकडून घेतले, सुरेशबाबू मान्यांकडूनही घेतले. एका घराण्याचा शिक्का त्यांच्या गाण्यावर बसला नाही, आणि तो बसत नाही म्हणून नाके मुरडणारेही होते. घराण्याचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका, एका घराण्यात न मावणाऱ्या गवयाकडे गेली! आणखी एक गंमत अशी की, हा गवई नाटकात नावाजण्याच्या कितीतरी आधी पडद्यावर येऊन गेला होता. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ या बोलपटात भालजी पेंढारकरांनी त्यांना कृष्ण केले होते. तेव्हा ज्या योजनेला आज आपण परंपरा म्हणतो, ती जन्मली तेव्हा एक धाडसी योजनाच होती.

वसंतराव १९८३ साली गेले. टपरीवर भांडणाऱ्या त्या मंडळींपैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा असावा. त्यांनी खाँसाहेब रंगमंचावर पाहिले नव्हते, पाहणे शक्यही नव्हते. त्यांच्याकडे आले ते आजोबांच्या ध्वनिमुद्रिकेतून, आईच्या कॅसेटमधून, सकाळच्या आकाशवाणीतून. हा वारसा भिंतीपलीकडून ऐकून मिळविलेला होता, अगदी सदाशिवासारखा. आणि तरी तो आपलाच आहे असे ते छातीठोकपणे म्हणत होते. आम्हांला त्यात उद्धटपणा दिसला नाही. ज्याला आपले मानले त्याच्यासाठीच माणूस चहा निववून भांडतो.

असे वाद मराठी रसिकाला नवे नाहीत. ‘मानापमान’ हे खाडिलकरांचे नाटक किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा, लक्ष्मीधर गणपतराव बोडसांचा. पुढे दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. एकाच खेळात हे दोन गळे समोरासमोर उभे राहिले. कोणी कोणावर मात केली, यावर त्या पिढीने आयुष्यभर वाद घातला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले, त्यामुळे त्या वादाला कधी निकाल लाभला नाही. पण त्या वादात एक गोष्ट कोणाच्या मनातही आली नसती: गाणारा आणि दिसणारा वेगळा असू शकतो, ही. केशवरावांची तान आणि केशवरावांचा घामाने डबडबलेला चेहरा एकाच माणसाचे होते. बगाडावरच्या गळकऱ्याप्रमाणे भार वाहणारा आणि मान घेणारा एकच होता.

बोलपट आला तेव्हाही प्रारंभी हेच चालले. ‘प्रभात’च्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले ते ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे. दृश्य टिपावयाचे आणि त्याच वेळी गाणेही टिपावयाचे, अशी तेव्हाची रीत; त्यामुळे ज्याला गाता येते तोच नट, हा रंगभूमीचा नियम पडद्यानेही काही काळ पाळला. पण नियम तोच राहिला तरी डोळा बदलला होता. नाटकगृहातील पंधराव्या रांगेतून जे दिसत नाही ते कॅमेरा गालाला गाल लावून पाहतो. याची झळ प्रत्यक्ष बालगंधर्वांना लागली. १९३५ साली ‘धर्मात्मा’त शांतारामबापूंनी त्यांना एकनाथ केले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. ज्यांनी त्यांना शालू-शेल्यात पाहिले होते त्यांना दाढीमिशीतले बालगंधर्व पटेनात. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, रंगभूमीवर येत तसेच, तेव्हा कॅमेऱ्याला वय दिसले, आणि तो बोलपट पडला. पुरुष झाले तर प्रेक्षक नाखूष, स्त्री झाले तर पडदा नाखूष! गळा तोच होता आणि त्या गळ्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. तेथेच प्रथम उघड झाले की, पडद्यावर गळा पुरत नाही.

उलट दाखलाही त्याच काळातला आहे आणि तो हिंजवडीच्या जवळचा आहे. येथून थोड्याच कोसांवर इंद्रायणीकाठी देहू आहे. त्या देहूच्या तुकोबांवर ‘प्रभात’ने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. दामले-फत्तेलाल यांनी तुकारामाच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनिसांना घेतले. पागनिसांचे नाव रंगभूमीवर झाले होते ते स्त्री-भूमिकांमुळे. असा नट भंडाऱ्याच्या डोंगरावरचा तुकाराम कसा शोभणार, ही शंका तेव्हा घेतली गेली, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. पण जो चालण्या-बोलण्यातला मऊपणा दोष वाटला होता, तोच पडद्यावर तुकोबांचे वैराग्य होऊन उतरला. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि पुढे कित्येक घरांतल्या तसबिरींतून तुकोबांना पागनिसांचा चेहरा मिळाला. तेव्हा पात्रयोजनेविषयीची रसिकाची शंका खरी असते, पण ती शेवटची नसते, हा धडा मराठी चित्रपटाने फार लवकर दिला आहे.

मात्र त्याच सुमारास एक यंत्रयुक्ती आली आणि तिने हा सारा प्रश्नच फिरविला. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’ने गाणे आधी मुद्रित करून मग नटाने त्यावर ओठ हलवावयाचे, ही रीत हिंदी चित्रपटात आणली. तिला आपण पार्श्वगायन म्हणू लागलो. दृश्य आणि आवाज यांची फारकत झाली. देखण्याला गाता आले नाही तरी चालू लागले आणि गाणाऱ्याला देखणे असण्याची गरज उरली नाही. चित्रपटाला यातून अमाप लाभ झाला, लता मंगेशकरांसारखा आवाज घरोघरी गेला तो याच रीतीने. पण संगीत नाटकाच्या दृष्टीने पाहिले तर जो भार एका पाठीवर होता तो दोघांत वाटला गेला आणि मानाची वाटणी अवघड होऊन बसली.

ही अडचण केवळ आपली नाही. १९५६ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक आले. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर ते बेतलेले होते; याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये आपल्याला ‘ती फुलराणी’ दिली. न्यूयॉर्कच्या नाटकात नायिका ज्यूली अँड्रूज हिने गाजविली होती. १९६४ साली चित्रपट निघाला तेव्हा निर्मात्याने तिला डावलून पडद्यावर आधीच नावाजलेल्या ऑड्री हेपबर्नला घेतले आणि तिच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सनचा आवाज दिला. रसिक खवळले. नायक रेक्स हॅरिसन नाटकातलाच ठेवला होता, त्याला ऑस्कर मिळाले; हेपबर्नचे त्या पारितोषिकासाठी नामनिर्देशनसुद्धा झाले नाही; आणि त्याच वर्षी दुसऱ्या चित्रपटासाठी ते पारितोषिक ज्यूली अँड्रूजला मिळाले. निक्सनचे नाव मात्र पडद्यावर नव्हते. गाणारी ती, आणि मान कोणाचाच तिच्या वाट्याला नाही. हिंजवडीच्या त्या वृद्ध गृहस्थांनी हॉलिवुडचे नाव ऐकले असेल-नसेल, पण त्यांचा प्रश्न नेमका तेथलाच होता.

आता पुन्हा २०१५ च्या ‘कट्यार’कडे येऊ. नाटकाचे पुनरुज्जीवन काही वर्षांपूर्वी झाले होते. त्यात सुबोध भावे, राहुल देशपांडे आणि महेश काळे ही मंडळी होती. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू, ते खाँसाहेब होत. काळे हे अभिषेकींचे शिष्य, ते सदाशिव होत. म्हणजे एका बाजूस रक्ताचा वारसा आणि दुसऱ्या बाजूस विद्येचा. ज्या रसिकांनी हा प्रयोग पाहिला होता त्यांची अपेक्षा अशी की, चित्रपटातही हेच दिसावे. प्रत्यक्षात भावे यांनी दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट करताना भार वाटून दिला. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुल देशपांड्यांचा. सदाशिवाचा चेहरा स्वतः भाव्यांचा, गळा महेश काळ्यांचा. पंडितजींपुरते मात्र दोन्ही एकत्र ठेवले: शंकर महादेवन यांनी ती भूमिका केली आणि गाणीही म्हटली. ज्याने नाव गायक म्हणून मिळविले त्याला प्रथमच मोठ्या भूमिकेत उभे केले आणि ज्याने नाव नट म्हणून मिळविले त्याला गवई केले.

आक्षेप तीन प्रकारचे होते. त्यांतला प्रत्येक आम्हांला दखल घेण्याजोगा वाटतो.

पहिला आक्षेप प्रतिमेचा. पिळगावकर बालनट म्हणून आले, ‘शोले’त इमामसाहेबांचा अहमद झाले, पण मराठी घराघरांत ते गेले ते ‘अशी ही बनवाबनवी’सारख्या विनोदी चित्रपटांतून. या आक्षेपाचे उत्तर पागनिसांनी देऊन ठेवलेले आहे. नटाची मागची प्रतिमा ही प्रेक्षकाची सवय असते. सवय मोडण्याची संधी नटाला एकदा तरी द्यावी लागते.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. शंकर महादेवन यांचे घर तमिळ. मग मराठी नाट्यसंगीत त्यांच्या तोंडी कसे शोभेल? हा आक्षेप मात्र आमच्या मते इतिहासाला सोडून होता. हे गायक मुंबईत वाढले आणि श्रीनिवास खळ्यांकडे शिकले. आणि नाट्यसंगीताच्या चालींचे मूळ शोधू जाल तर कानडी पदे, उत्तरेची ठुमरी, पारशी रंगभूमी असा सारा मुलूख पालथा घालावा लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांना ‘शाकुंतल’ लिहिण्याची स्फूर्ती १८८० साली पुण्यात पाहिलेल्या पारशी मंडळीच्या नाटकावरून झाली, असे आपणच अभिमानाने सांगतो. ज्या कलेने सगळीकडून घेतले तिने दारात पहारा बसवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल, आणि त्या बाकावरच्या गृहस्थांचा तोच होता. खाँसाहेबांचा गळा जर राहुल देशपांड्यांचा, तर चेहराही त्यांचाच का नको? याचे एक व्यावहारिक उत्तर आहे. रंगभूमीवरील खाँसाहेब प्रामुख्याने गाण्यातून उभे राहतात. चित्रपटातील खाँसाहेबांना मत्सर, पश्चात्ताप, बापाची माया हे सारे न गाता, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, डोळ्यांच्या हालचालीतून दाखवावे लागते. त्यासाठी पडद्यावर हयात घालविलेला नट हवा, असे दिग्दर्शकाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय दुसऱ्याच्या तानेला आपला जबडा, आपला श्वास आणि आपला हात लावणे ही कमी प्रतीची विद्या नव्हे. तान पलटते तेथे गळ्याची शीर हलली नाही तर जाणता श्रोता तत्काळ ओळखतो.

चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, बलिप्रतिपदेला प्रदर्शित झाला आणि त्याला मोठे यश मिळाले. अभिषेकींच्या चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालीही लोकांनी उचलल्या. बरेच आक्षेप चित्रपटगृहाच्या अंधारातच विरले. टपरीवरचा तो नागपूरकर तरुण आम्हांला पुढे भेटला नाही. पण त्याच्यासारख्या अनेकांनी नंतर कबुली दिली की, चेहरा पाहता पाहता गळा परका वाटेनासा झाला. सगळ्यांनी दिली असे मात्र नाही. आजही काही जाणकार म्हणतात की, आम्ही डोळे मिटून चित्रपट पाहिला! हा टोमणा असला तरी त्यात एक साक्ष आहे. डोळे मिटल्यावर जे ऐकू आले ते त्यांच्या ओळखीचे होते.

आणि मानाचे काय झाले? येथे इतिहासाने एक विलक्षण निवाडा दिलेला आहे. २०११ साली रवी जाधवांच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात चेहरा सुबोध भाव्यांचा होता, गळा आनंद भाट्यांचा. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचे राष्ट्रीय पारितोषिक भाट्यांना मिळाले. २०१५ च्या ‘कट्यार’साठी तेच पारितोषिक महेश काळ्यांना मिळाले. त्यानंतर ‘मी वसंतराव’ या चित्रपटात राहुल देशपांड्यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली आणि गाणीही म्हटली. २०२० सालच्या चित्रपटांसाठीचे ते पारितोषिक त्यांना मिळाले, आणि २०२२ साली चित्रपट लोकांनी पाहिला. दहा वर्षांच्या आत तीन वेळा देशाने मराठी संगीत रंगभूमीच्या गळ्याला मान दिला. मार्नी निक्सनच्या वाट्याला जे आले नाही ते आपल्या गायकांच्या वाट्याला आले. आणि ज्या नातवाला रसिक खाँसाहेब म्हणून पडद्यावर पाहू इच्छीत होते, तो शेवटी चेहरा आणि गळा दोन्ही घेऊन आला. पण खाँसाहेब म्हणून नव्हे, प्रत्यक्ष वसंतराव म्हणून.

मग सारे ठीक झाले म्हणावयाचे काय? आम्हांला तसे म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक आणि धैर्यधर पुन्हा भावे. पुन्हा तेच वाद झाले आणि पुढल्या नाटकाचा चित्रपट निघेल तेव्हाही होतील. पण या वादांच्या गर्दीत एक गोष्ट कोणी विचारीत नाही. १९६७ साली वसंतराव, सावकार, आचरेकर, फैयाज हे एका रात्री एका रंगमंचावर उभे राहून गात होते आणि अभिनयही करीत होते. चुकले तर पुन्हा मुद्रण करण्याची सोय नव्हती. असे गायक-नट आता किती उरले? चित्रपटाने दोघांत भार वाटला तो त्याच्या धर्माला धरूनच. पण वाटणीची सवय लागली की, दोन्ही भार एकट्याने पेलणारा माणूस घडविण्याची निकड कोणाला वाटेनाशी होते. चेहरा कोणाचा यावर आपण दिवाळीभर भांडतो. मात्र चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात संगीत नाटकाचा प्रयोग लागतो तेव्हा तेथे कोण जाते, हेही एकदा पाहिले पाहिजे.

‘कट्यार’ नाटकातच या वादाचे उत्तर दडले आहे, असे आम्हांला वाटते. खाँसाहेब विद्या कुलूपबंद ठेवू पाहतात, आणि ती भिंतीतून झिरपून सदाशिवाकडे जाते. कट्यार कोणाच्या कमरेला आहे यावर काही ठरत नाही. कोणी ऐकले, कोणी घोटले, कोणी जिवापाड जपले यावर ठरते. २०१५ च्या वादात आपण रसिक थोडेफार खाँसाहेबच झालो होतो. कट्यार आपल्याच हातात आहे आणि एक खून माफ आहे, अशा थाटात एकेका नटावर धावून जात होतो. पण त्याच वेळी आपण सदाशिवही होतो. वसंतरावांना कधी न पाहिलेली मुले त्यांच्यासाठी भांडत होती, याचा अर्थ त्यांनीही भिंतीआडून ऐकलेले होते.

त्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे. वाद सोडू नका. ज्या नाटकावर कोणी भांडत नाही ते नाटक मेले असे समजावे. पण पुढच्या वेळी भांडण झाल्यावर हिंजवडीहून चिंचवडची गाडी पकडा आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसा. पडदा वर जाईल, पेटीवर सूर धरला जाईल, आणि कोणी तरी विशीतला अनोळखी मुलगा सदाशिवाच्या वेषात पुढे येईल. त्याचा आवाज कदाचित कापेल, एखादी तान निसटेल. तरीही गाणारा आणि दिसणारा तेथे एकच असेल, आणि बाकावरच्या त्या गृहस्थांना शेजारी बसवून, मान कोणाला द्यावयाचा हे तुम्हांला बोटाने दाखविता येईल.